फुटबॉल-संघाचा तोटा आणि धनिकांचा कर

दारी झुलणाऱ्या हत्तीप्रमाणे इंग्लंडातील फुटबॉल-संघ आपल्या मालकाला शोभा देतो, आणि खातोही हत्तीसारखाच. मग हा खर्च धनिक करातून वसूल करीत असले पाहिजेत, अशी शंका लोक घेतात. ती सर्वस्वी निराधार नाही.

प्रारंभी नफ्याची वाटच अरुंद होती. फुटबॉल असोसिएशनने १८९६ साली लाभांशावर ५ टक्क्यांची मर्यादा घातली. संचालकांना वेतन तर १९८१ पर्यंत वर्ज्यच होते. टॉटनहॅमने १९८३ मध्ये वेगळी धारक कंपनी काढून तिचे भाग शेअरबाजारात आणले आणि ही वेस ओलांडली.

करसवलतीचे मर्म मात्र निराळे आहे. किमान ७५ टक्के मालकीने बांधलेल्या समूहात एका कंपनीचा तोटा दुसरीच्या नफ्यातून वजा करण्यास ब्रिटिश कायदा मुभा देतो. खेळाडूच्या खरेदीची किंमतही कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते. परंतु शंभर पौंड बुडाले, तर २०२३ पासूनच्या २५ टक्के दराने फार तर पंचवीस वाचतात. पंचाहत्तर गेले ते गेलेच. शिवाय समूहाला ब्रिटनमध्ये करपात्र नफाच नसेल, तर हे पंचवीसही त्या वर्षी हाती लागत नाहीत.

रशियन तेलातून धनाढ्य झालेले अब्रामोविच यांनी २००३ मध्ये चेल्सी विकत घेतला. त्यात त्यांनी सुमारे दीड अब्ज पौंड कर्जाऊ ओतले, आणि २०२२ च्या विक्रीच्या वेळी ते कर्ज परत मागणार नसल्याचे जाहीर केले. करबचतीसाठी कोणी एवढी किंमत मोजीत नाही. विक्रीचे अडीच अब्ज पौंडही गोठविलेल्या खात्यात जमा झाले.