विजोड सायकलीचा जीर्णोद्धार

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळगांव लागतें. २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढें याच गांवीं जिल्ह्याचीं मुख्य कार्यालयें उभीं राहिलीं. समुद्र येथून फार दूर नाहीं. त्याची खारट, दमट हवा लोखंडाला लवकर गंज आणते. अशा गांवांतील एखाद्या जुन्या घराच्या पडवींत आजोबांच्या काळची एक गंजलेली सायकल भिंतीला टेकून उभी आहे, अशी कल्पना करावी. तिचा सांगाडा रॅले कंपनीचा, पायडलाजवळचें दांत्यांचें चक्र हंबरचें आणि मागचें चाक लुधियानाचें. नातू तिचा जीर्णोद्धार करूं इच्छितो. पण कोणत्या सायकलीचा? कारखान्यांतून निघालेल्या, कीं आजोबांनीं वापरलेल्या?

उत्तर देण्यापूर्वीं ती विजोड कां झाली, हें पाहिलें पाहिजे. जवळजवळ सारख्या दोन चाकांची आणि साखळीनें मागचें चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल जॉन केम्प स्टार्ले यांनीं इंग्लंडांत १८८५ सालीं पुढें आणली. १८८८ सालीं डनलॉप यांची हवा भरलेली धाव आली. त्याच १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांच्या सायकलींच्या दुकानाचा बेळगांवास आरंभ झाला. ज्या उद्योगांतून पुढें लोखंडी नांगर बाहेर पडले, त्याचें मूळ असें सायकलीच्या दुकानांत आहे. परक्या यंत्राची ओळख झाल्यावर आपलें यंत्र घडविण्याची उमेद येते, याचें हें चांगलें उदाहरण होय.

त्यानंतर सुमारें अर्धशतक आपल्याकडील सायकली मुख्यतः बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम व कॉव्हेंट्री येथून येत. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें, तेथील कारखाने युद्धसामग्रीकडे वळले आणि सुटे भाग दुर्मिळ झाले. पुढें सोनपतची ॲटलस १९५१ सालीं व लुधियानाची हीरो १९५६ सालीं निघाली, आणि देशी भाग गांवोगांव मिळूं लागले. तेव्हां इंग्लिश सांगाड्याला देशी चाक जोडणारा गृहस्थ फसविला गेला होता असें नव्हे. जें मिळत होतें त्यानें तो आपलें वाहन चालूं ठेवीत होता.

हा इतिहास सायकलीवरच लिहिलेला असतो. म्हणून जाणकार कामाला हात घालण्यापूर्वीं भिंग घेऊन बसतो. चक्रांत बगळ्याच्या डोक्यांची आकृति असली तर तें रॅलेचें, पांच मनुष्याकृति असल्या तर हंबरचें. १९३२ सालीं हंबर हें नांव रॅलेनेंच विकत घेतलें होतें. म्हणजे हे दोन भाग अगदींच परके नव्हेत. मुलामा किंचित् पिवळसर असेल तर निकलचा, निळसर असेल तर क्रोमियमचा; क्रोमियमचा प्रघात १९३० च्या सुमारास पडला, म्हणून त्यावरूनहि वयाचा अंदाज येतो.

प्रत्यक्ष कामांत घाई घातक ठरते. गंजलेल्या सांध्यांत तेल दोन-चार दिवस मुरूं द्यावें. उजव्या बाजूची वाटी आणि डावें पायडल यांचे आटे उलटे असतात. हें न जाणतां जोर लावणारा तीं सोडविण्याऐवजीं अधिकच आवळतो. पायडलांचा आंस ज्या वाट्यांत फिरतो, त्यांना रॅलेनें दर इंचास २६ आटे पाडले, तर इतर बहुतेक इंग्लिश कारखान्यांनीं २४. दिसायला सारखी वाटी बळेंच बसविली कीं सांगाड्याचे आटे कायमचे बिघडतात.

आतां मूळ प्रश्न. पुण्यांत २०१७ सालापासून विक्रम पेंडसे यांचें सायकल-संग्रहालय आहे. अशा ठिकाणीं दुर्मिळ सायकल मूळ रूपांत दिसावी, हें योग्यच. तेथें प्रेक्षकाला त्या जातीच्या सायकलीचा इतिहास पाहावयाचा असतो. घरच्या सायकलीचा इतिहास निराळा. जुन्या पोथीचीं कांहीं पानें हरवलीं आणि पुढच्या कोणी तीं दुसऱ्या हस्ताक्षरांत भरून काढलीं, तर संशोधक तीं पानें फाडून टाकीत नाहीं. मूळ कोणतें हें तो वेगळें दाखवितो, आणि पोथी ज्यानें तगविली त्याचा काळहि त्या अक्षरावरून ठरवितो. सर्व भाग एकाच कारखान्याचे मिळवून सायकल नवीकोरी केली, तर कारखान्याचें एक वर्ष परत येतें. पण घराचीं चाळीस-पन्नास वर्षें पुसलीं जातात.

तेव्हां जें जिवाला धोका करील तें बदलावें: तडा गेलेला चिमटा, कुजलेली लोखंडी कड, झिजलेले ब्रेक. जें केवळ विजोड आहे तें स्वच्छ करून राहूं द्यावें. काढलेल्या भागाला चिठ्ठी बांधून तो जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीला आपला निर्णय तपासतां येईल. घरांतील वृद्धांना कोणता भाग केव्हां व कां बसविला हेंहि आजच विचारून लिहून ठेवावें. गंज तेलानें निघतो, विसरलेलें मात्र परत येत नाहीं. कोळगांवच्या पडवींतील ती सायकल हंबरच्या चक्रासह आणि लुधियानाच्या चाकासहच पुन्हा बोईसरच्या रस्त्याला लागूं द्यावी.