झाकलेले नाव

इमारत कापडात गुंडाळणे ही कसली कला, असे आपल्याला वाटेल. ख्रिस्तो आणि जान-क्लोद या दांपत्याने त्यातच आयुष्य घालवले. दोघांचा जन्म एकाच दिवशी, १३ जून १९३५ रोजी. ते बल्गेरियातले, त्या कासाब्लांकाच्या. १९५८ मध्ये पॅरिसला भेट झाली.

बर्लिनचे संसदभवन १४ दिवस झाकण्यासाठी त्यांनी १९७१ ते १९९५ अशी २४ वर्षे खटपट केली. खर्च ख्रिस्तोंची रेखाटने विकून भागवला. मात्र १९९४ पर्यंत कलावंत म्हणून नाव लागे ते एकट्या ख्रिस्तोंचे! त्या वर्षी त्यांनी जुन्या मोठ्या कामांनाही दोघांची नावे दिली.

जान-क्लोद २००९ मध्ये गेल्या, ख्रिस्तो २०२० मध्ये. २०२१ मध्ये पॅरिसची विजयकमान कापडात गुंडाळली गेली, तेव्हा दोघेही नव्हते. नावे मात्र दोन होती.