हुंडीची पैठ आणि फोनचे सिम

मढच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर वाळलेला बोंबील वेसाव्याच्या तरीने किंवा मार्व्याच्या रस्त्याने बाजारात जातो, आणि त्याचा पैसा मढला परत येतो. माल जाण्याची वाट फारशी बदललेली नाही; पैसा येण्याची वाट मात्र पार बदलली. जो पैसा कोळणीच्या कनवटीला असे, तो आता पुष्कळदा तिच्या फोनमधून बँकेत जमा होतो. कनवटीला हात घालणारा चोर निदान जवळ यावा तरी लागे. आजच्या चोराला मढ कोठे आहे हेही ठाऊक असण्याचे कारण नाही.

समोर उभा आहे तोच पैशाचा खरा धनी कशावरून, हा प्रश्न नवा नाही. आमच्या सावकारांनी त्याचे उत्तर हुंडीच्या व्यवहारात शोधले होते. शाहजोग हुंडीचे पैसे पेढी वाटेल त्याला देत नसे. बाजारात पत असलेल्या शाहालाच देई. हुंडी खोटी वा चोरीची निघाली, तर त्याच शाहाकडून पैसे परत मागता येत. हुंडी गहाळ झाली, तर दुसरी प्रत लिहून मिळे. तिला पैठ म्हणत. पैठही हरवली, तर परपैठ. परंतु मूळ हुंडी हरवल्यामुळे ही पैठ दिली आहे, हे त्या कागदावरच लिहिलेले असे. पैसे देणारा मग आधी वही उघडून पाही, की मूळ हुंडी पूर्वीच कोणी वटवली तर नाही ना. दुसरी प्रत आपण दुसरी असल्याचे तोंडानेच सांगे, ही त्या पद्धतीतील खरी खुबी.

पुढे १८८० साली टपालखात्याची मनीऑर्डर आली. गिरणगावातून कोकणातल्या घरी जाणारा पैसा पोस्टमनच्या हातून पोहोचू लागला, आणि पोस्टमन तोंडओळखीचा असे. ही जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. असो.

सिम कार्ड १९९१ साली म्युनिकच्या एका कारखान्याने फिनलंडमधील फोन कंपनीसाठी प्रथम तयार केले. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. पुष्कळांचा समज असा, की आपला नंबर त्या कार्डात असतो. तसे नाही. कार्डात असते ती एक गुप्त किल्ली. अमुक नंबर अमुक कार्डाचा, ही नोंद कंपनीच्या दप्तरी असते. कार्ड हरवले, तर कंपनी नवे कार्ड देते आणि दप्तरातील नोंद फिरवते. ही झाली आजची पैठ. बोलण्यापुरता फोन होता तोवर यात धोका बेताचा होता. पण २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरी खूण मागावी असे रिझर्व्ह बँकेने ठरविले, आणि बँकांनी ती खूण बहुधा फोनवरच्या ओटीपीची केली. २०१६ साली यूपीआय आले. बोलण्याचे साधन होते ते तिजोरीची किल्ली झाले; किल्ली नव्याने करून देणारा कारकून मात्र तोच राहिला!

भामट्याचे सारे कसब याच जागी आहे. तो आधी गोड बोलून वा खोटा दुवा पाठवून बँकेचा तपशील काढतो. मग खोटी कागदपत्रे दाखवून आपल्या नंबराचे नवे सिम घेतो. आपले सिम मरते, आणि बँकेचे ओटीपी त्याच्या हाती पडू लागतात. नवे सिम आपण पैठ आहोत असे बँकेला सांगत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याला रात्री सहा मिस्ड कॉल आले. फोन बंद पडला, आणि २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये खात्यातून गेले.

नव्या पैठेवर काही लिहिता येत नाही, म्हणून सरकारने काळाचा अडसर घातला. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवावेत, असे दूरसंचार विभागाने २०२२ साली कंपन्यांना सांगितले. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. सिमला पिन घालावा असे काही जण सुचवितात. तो फोन चोरीस गेल्यास उपयोगी. येथे नाही, कारण चोराला आपले कार्ड नकोच असते.

मढकरांची एक अडचण आणखी निराळी आहे. होडी खोल समुद्रात गेली की फोनचे नेटवर्क जाते, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. म्हणून धक्क्याला लागल्यावर शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला नेटवर्क आहे आणि आपल्याला नाही, असे दिसले, तर घरी जाण्याची वाट पाहू नये. शेजाऱ्याच्याच फोनवरून आधी बँकेला कळवून खाते गोठवावे, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, मग सिमची चौकशी करावी. चूक बँकेची नाही आणि आपलीही नाही अशा चोरीत, बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भुर्दंड पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ठरविले. मोठी होडी मासेमारीला निघाली, तर कित्येकदा त्याहून अधिक दिवस धक्क्याला लागत नाही.