शिबंदीची बखर

मराठेशाहीच्या दफ्तरांत फौज आणि शिबंदी हे दोन शब्द निरनिराळ्या अर्थांनी येतात. फौज मुलूखगिरीवर निघते, रण गाजवते आणि बखरकाराच्या लेखणीचा विषय होते. शिबंदी मात्र किल्ल्यावर, ठाण्यावर, वसुलीच्या आणि बंदोबस्ताच्या कामावर खोळंबून असते, आणि तिची आठवण ठेवण्याचे काम फडावरच्या कारकुनाकडे, म्हणजे जमाखर्चाच्या वहीकडे येते. भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाचा इतिहास चाळू लागले की या जुन्या शिबंदीचे स्मरण पदोपदी होते. कारण खांद्यावर सैनिकाची बंदूक आणि अंगी पोलिसाची मर्यादा, असा दुहेरी भार ज्याने वाहावा, त्याच्या वाट्याला कीर्ती नेहमी उशिरा येते.

या दलाचा जन्म २७ जुलै १९३९ रोजी नीमच येथे झाला. नीमच ही ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या मुलखातील जुनी इंग्रजी छावणी; १८५७ च्या जून महिन्यात तेथील पलटणींनीही बंडाचे निशाण उभारले होते. त्याच भूमीवर ब्रिटिश सत्तेने जी नवी पलटण उभी केली, तिचे नाव ‘क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस’ असे ठेवले, आणि या नावातच तिचे प्रयोजन सांगितलेले होते. संस्थानिकांशी व्यवहार करताना व्हाइसरॉय ज्या अधिकाराने बोलत, त्या अधिकाराची ही सशस्त्र भुजा होती. प्रजा परिषदांच्या चळवळींनी संस्थानांच्या गाद्या हादरू लागल्या असता त्या सावरून धरणे, हे तिचे काम. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी वचनभंग केला म्हणून महात्माजींनी उपोषण आरंभिले होते, आणि जे वचन मोडले गेले ते ठाकोरसाहेबांकडून वाटाघाटीने मिळविणारे पुढारी होते सरदार वल्लभभाई पटेल.

पुढे दहा वर्षांच्या आत इतिहासाने जी उलथापालथ केली, ती एखाद्या नाटककाराने योजली असती तर प्रेक्षकांना कृत्रिम वाटली असती. ज्या दलाची उभारणी संस्थानी प्रजेच्या चळवळीला आवर घालण्यासाठी झाली, ते दल स्वतंत्र भारताच्या गृहमंत्र्यांच्या, म्हणजे त्याच वल्लभभाईंच्या हाती आले. परकीयांनी निर्माण केलेले हत्यार म्हणून त्यांना ते मोडीत काढता आले असते. त्यांनी ते ठेवले आणि त्याचा धनी बदलला. जुनागढ आणि काठेवाडातील छोटी संस्थाने भारतात सामील करून घेताना याच दलाच्या तुकड्या तेथे गेल्या. गाद्या राखण्यासाठी जन्मलेल्या शिपायांनी गाद्यांच्या विसर्जनाचा बंदोबस्त केला. २८ डिसेंबर १९४९ च्या कायद्याने दलास आजचे नाव मिळाले, आणि १९ मार्च १९५० रोजी नीमचच्याच मैदानावर सरदारांनी त्यास नवे निशाण प्रदान केले. शिपाई बव्हंशी तेच, छावणी तीच. बदलले होते ते इमान कोणाशी राखायचे याचे उत्तर.

परंतु निशाण समारंभाने मिळते, त्याची प्रतिष्ठा मात्र रक्ताने मिळवावी लागते. ऑक्टोबर १९५९ मध्ये लडाखच्या ईशान्येस, सुमारे १६,००० फूट उंचीवरील हॉट स्प्रिंग्ज या ठाण्यातून टेहळणीसाठी तीन तुकड्या बाहेर पडल्या. दोन परतल्या, दोन शिपाई आणि एक हमाल असलेली तिसरी तुकडी परतली नाही. दुसऱ्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, करमसिंग नावाच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली हाती होते तेवढे जवान आपल्या हरवलेल्या सोबत्यांच्या शोधार्थ निघाले, आणि टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. दहा जवान धारातीर्थी पडले, काही जखमी होऊन कैद झाले. मृतदेह परत मिळण्यास १३ नोव्हेंबर उजाडला, आणि त्याच हिमप्रदेशात त्यांना अग्नी देण्यात आला. पुढील वर्षाच्या प्रारंभी पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने २१ ऑक्टोबर हा स्मृतिदिन ठरविला. हे जवान मुलूख जिंकण्यासाठी निघाले नव्हते. न परतलेल्या तीन माणसांना शोधणे एवढेच त्यांचे त्या दिवशीचे काम होते, आणि साऱ्या देशाच्या पोलिसांचा स्मरणदिन अशा कामावर बेतलेला असावा, यात मोठे औचित्य आहे.

सहा वर्षांनी कच्छच्या रणात हाच प्रसंग निराळ्या रूपाने उभा राहिला. ९ एप्रिल १९६५ च्या पहाटे सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याच्या एका ब्रिगेडने हल्ला चढविला, आणि दलाच्या दुसऱ्या पलटणीच्या मोजक्या तुकड्यांनी तोफा नसतानाही तो परतवून लावला. दलात तो दिवस शौर्यदिन म्हणून पाळतात. या पराक्रमातून राज्यकर्त्यांनी एक बोधही घेतला: परराष्ट्राच्या सैन्यापुढे पोलिसांना उभे करणे हे शौर्याचे असले तरी व्यवस्थेचे लक्षण नव्हे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सरहद्दीसाठी सीमा सुरक्षा दल स्वतंत्रपणे स्थापन झाले.

त्यानंतर या दलाचा मुक्काम मुख्यत्वे देशाच्या आतच राहिला, आणि शिबंदीचे खरे कष्ट तेथेच असतात. शत्रू गणवेशात नसतो, लढाईस आरंभ आणि शेवट नसतो, आणि ज्यांच्यावर शस्त्र रोखावे लागते ते पुष्कळदा आपलेच नागरिक असतात. म्हणूनच अशा दलाविषयी लोकांच्या मनात कृतज्ञतेबरोबर तक्रारही वसत असते, आणि गणराज्यात दोहोंची नोंद व्हावी हेच न्याय्य. १९८६ साली महिलांची स्वतंत्र पलटण उभी राहिली. तिच्यातील कमलेश कुमारी या शिपाई स्त्रीने १३ डिसेंबर २००१ रोजी संसद भवनाच्या फाटकावर, हाती शस्त्र नसताना, हल्लेखोरांना ओळखून फाटक बंद केले, इतरांना सावध केले आणि प्राण दिले. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाड्याच्या जंगलात नक्षलवाद्यांनी गाठलेले ७६ जण पडले, त्यांत एक छत्तीसगडचा पोलीस सोडला तर बाकी सारे या दलाचे होते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाच्या हमरस्त्यावर चाळीस जवान गेले, त्यांत दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे. लढता लढता नव्हे, कामावर रुजू होण्यासाठी बसमधून जाताना त्यांना मरण आले.

दिल्लीच्या चाणक्यपुरीत २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. तेथील भिंतींवर स्वातंत्र्यापासून कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या चौतीस हजारांहून अधिक पोलिसांची नावे कोरली आहेत, वर्षवार आणि ओळीने. तेथे पराक्रमाची वर्णने नाहीत, विशेषणे नाहीत. एखाद्या फडणिशी वहीतल्यासारख्या केवळ नावांच्या रांगा. मात्र २१ ऑक्टोबरला मुंबईत नायगावच्या मैदानावर काय किंवा अन्य शहरांत काय, वर्षभरात गेलेल्यांची नावे जेव्हा एकामागून एक मोठ्याने वाचली जातात आणि आपल्या माणसाचे नाव येण्याची वाट पाहणारी एखादी म्हातारी पदर सावरून ताठ बसते, तेव्हा जमाखर्चाची ती यादीच बखर होते.