धाब्यावरची खारी

वैशाख सरत आला की आपल्या आज्या आधी आभाळाकडे बघायच्या, मग धाब्याकडे. "खारी आणली का?" हे त्या दिवसांतलं घरोघरचं विचारणं. आज आपण त्या धाब्याच्या घरांविषयी बोलू.

धुळ्याचंच बघा. 1803 च्या दुष्काळात हे गाव ओस पडलं. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं. 1818 ला इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी इथं खान्देशचं मुख्य ठाणं केलं. तेव्हा गाव पांझरा नदी आणि पाटाखालची शेती यांच्यामध्ये दाटलेलं होतं. 1819 मध्ये 401 घरं, 2,509 माणसं, एवढाच त्याचा पसारा. ब्रिग्ज यांनी व्यापारी-कारागिरांना बोलावलं, घरासाठी मोफत जागा दिल्या, सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली.

पेठ आखणाऱ्याचं नाव कागदावर राहिलं. पण घरं नुसती आखून उभी राहत नाहीत. त्या काळी खान्देशात घर म्हणजे बहुतेक धाब्याचंच. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर काड्यांचा दाट थर, मग माती आणि सगळ्यात वर खारी. काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून ती वर चालत नाही. खाऱ्या मातीतले क्षार पाणी लागताच तिचे कण सुटे करतात. ते बारीक भोकांत बसतात आणि पाणी खाली उतरत नाही. जाड मातीमुळे मे महिन्याच्या दुपारीही घरात निभायचं.

पण ही खारी पावसानं धुपते, म्हणून दरवर्षी नवी टाकावी लागे. गाडी भरून आणायचे पुरुष. घमेली वर चढवणं, भिंती लिंपणं, सारवणं यात बायकांचे हात. जुना थर न खरवडता नवा टाकत गेलं की ओझं वाढतं आणि तुळई वाकते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. या कामाची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची?

नदीकाठच्या घरांना दुसरी भीती पुराची. 1872 मध्ये पांझरेच्या पुरानं धुळ्यात घरादारांचं मोठं नुकसान केलं. मातीची भिंत बुडाशी भिजली की वरचं वजन पेलत नाही.

आता गळकं धाबं नको, असं बायका म्हणतात, आणि आम्ही त्यांना दोष देत नाही. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याची तरतूद आहे. जन्मभर धाबं राखणाऱ्या आजीला हे मिळालं नव्हतं. घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, पण स्लॅबखाली उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, हेही खरं.

ज्यांना धाबं ठेवायचं आहे, त्यांनी वर सिमेंटचा गिलावा करू नका. त्याला चिरा पडतात, आत शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही आणि लाकूड कुजतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी तपासा. वाळवी बहुधा तिथूनच लागते. आणि घर उतरवायचंच ठरलं, तर सागाच्या तुळयांचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय दारात आलेल्या भंगारवाल्याला हो म्हणू नका.