हापूस आंब्याची सुधारणा, कोकणातील

कोणतेही नवे उत्पादन सिद्ध करताना त्यात कोणते गुण आणावयाचे, कोणते दोष चालवून घ्यावयाचे आणि मुळातला कोणता गुण गमवावयाचा नाही, हे आधी ठरवावे लागते. यंत्राच्या बाबतीत हा निर्णय चुकला, तर पुढील नमुन्यात दुरुस्ती करता येते. फळझाडाच्या बाबतीत मात्र संकरणापासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात आणि लावलेले कलम पुढे दोन-तीन पिढ्या उभे राहते. त्यामुळे गुणनिवडीतील चूक संशोधकाला नव्हे, तर बागायतदाराला भोगावी लागते. कोकणात हापूस आंब्याच्या सुधारणेचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. दापोली (जि. रत्नागिरी) येथील कृषी विद्यापीठ हे या प्रयत्नांचे प्रमुख केंद्र होय. [⟶ आंबा].

पार्श्वभूमी : आंब्यावर कलम करण्याची पद्धत पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रूढ झाली व तेथून ती उत्तरेस कोकणात पसरली. रायवळ आंबा कोयीपासून वाढतो व त्याचे प्रत्येक झाड वेगळे निपजते. कलमी हापूसचे प्रत्येक झाड मात्र मूळ झाडाचीच प्रतिकृती असते. स्वाद, केशरी गर, रेषांचा अभाव व टिकाऊपणा या गुणांमुळे मुंबईच्या बाजारात हापूसला अग्रस्थान मिळाले. तथापि कलमाबरोबर गुणांप्रमाणे दोषही जसेच्या तसे पसरले. त्यांपैकी तीन दोष प्रमुख मानले जातात : (१) एक वर्ष भरघोस व पुढील वर्षी अल्प पीक येणे, (२) मोहोराच्या मानाने फळधारणा कमी असणे, आणि (३) फळात साका होणे. साका झालेल्या फळाचा कोयीलगतचा गर फिकट, आंबट व स्पंजासारखा होतो. फळ बाहेरून निर्दोष दिसत असल्याने हा दोष कापल्यावाचून कळत नाही. त्यामुळे तो केवळ फळाचे नव्हे, तर विक्रेत्याच्या विश्वासार्हतेचेही नुकसान करतो. मुंबई इलाख्यातून १९३२ व १९३३ साली यूरोपात आंबे पाठविण्याचे प्रयोग झाले. त्यांवरील १९३४ सालच्या अहवालात चीमा व दाणी यांनी या विकृतीची नोंद केली.

संकरणाचा आरंभ : भारतात आंब्याच्या शास्त्रीय संकरणाचा प्रारंभ बर्न्स व प्रयाग यांनी १९११ साली पुणे येथे केला. हे काम चिकाटीचे आहे. एका मोहोरात शेकडो फुले असली, तरी त्यांतील उभयलिंगी फुले थोडी असतात. हाताने परागण केलेल्या फुलांपैकी अत्यल्प फुलांचे फळ टिकते, प्रत्येक फळात एकच कोय असते आणि तिचे रोप फळावर येण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून सर्व इष्ट गुण एकाच वेळी मिळविण्याचा हव्यास येथे निरुपयोगी ठरतो. दोन-तीन गुण निश्चित करून त्यांस अनुरूप जनक निवडणे हाच मार्ग उरतो.

कोकणात वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्र १९५७ साली स्थापन झाले. वेंगुर्ले तालुका त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. दापोली येथे १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर हे केंद्र त्याच्या कक्षेत आले. या विद्यापीठास पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. राज्यातील कृषी विद्यापीठांच्या नव्या वाणांच्या व लागवड-तंत्रांच्या शिफारशी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या वार्षिक बैठकीत तपासल्या जातात. नवा वाण चांगला आहे एवढे दाखविणे तेथे पुरेसे नसते. तो प्रचलित वाणापेक्षा कशात व किती सरस आहे, हे दाखवावे लागते.

रत्ना व सिंधू : वेंगुर्ले येथे हापूससाठी जोडीदार म्हणून दक्षिण भारतातील नीलम हा वाण निवडण्यात आला. नीलमचे फळ हापूसच्या तोडीचे नाही. परंतु तो दरवर्षी फळतो. म्हणजे हापूसपासून प्रत व नीलमपासून नियमितता अशी ही विभागणी होती. या संकरातून निवडलेला रत्ना हा वाण १९८१ साली प्रसारित झाला. तो लवकर व नियमित फळतो, त्याचे फळ सरासरी सु. ३१५ ग्रॅ. वजनाचे, म्हणजे हापूसपेक्षा मोठे असते, गर घट्ट व गडद केशरी असतो आणि त्यात साका होत नाही. दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेनेही नीलमचाच वापर केला. तेथे दशेरीशी संकर करून मल्लिका व आम्रपाली हे वाण काढण्यात आले. आम्रपालीत नियमिततेबरोबर झाडाच्या ठेंगणेपणावर भर होता, कारण कमी जागेत अधिक झाडे बसविणे हे तेथील उद्दिष्ट होते. जनक एकच असूनही गरज भिन्न असली की निवड कशी भिन्न होते, याचे हे उदाहरण होय.

रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू हा वाण काढण्यात आला व तो १९९२ साली प्रसारित झाला. प्रतिसंकरामुळे त्यात हापूसचा आनुवंशिक वाटा सरासरीने तीन-चतुर्थांश येतो. त्याची कोय अत्यंत पातळ व लहान असून गर व कोय यांचे प्रमाण सु. २६ : १ आहे. ‘बिनकोयीचा आंबा’ म्हणून त्याची प्रसिद्धी झाली. मात्र त्याचे फळ सरासरी सु. २१५ ग्रॅ. वजनाचे, म्हणजे लहान असते. बाजारात फळाच्या आकारावर पेटीची प्रत ठरत असल्याने हा उणेपणा क्षुल्लक नव्हता.

बाजाराचा निर्णय : ठरविलेले बहुतेक गुण या दोन वाणांत साध्य झाले, तरी कोकणातील बागांत हापूसचे स्थान अढळ राहिले. याची कारणे वाणांच्या दोषांपेक्षा उद्दिष्टांच्या मांडणीत अधिक आहेत. हापूसचे तीन दोष हे बागायतदाराचे दोष होते. ग्राहक मात्र नियमित फळणे विकत घेत नाही, तो विशिष्ट सुगंध व त्याच्याशी निगडित नाव विकत घेतो. रत्ना हापूसहून मोठा व निर्दोष असला, तरी तो हापूस नव्हता. कोय कलमाच्या सुधारित पद्धतीमुळे कलमे विपुल होऊ लागली होती. शिवाय १९९० नंतर रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजनेतून जी प्रचंड लागवड झाली, तीत कोकणातील शेतकऱ्याने मुख्यतः हापूसच पसंत केला. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय सुज्ञपणाचा होता : ज्या फळाला ग्राहक आहे, त्याच फळावर त्याने आपली जमीन गुंतविली.

दिशाबदल : झाड बदलता येत नसेल, तर त्याच झाडाचे दोष व्यवस्थापनाने आटोक्यात आणणे हा दुसरा पर्याय होता व विद्यापीठाने त्याकडे लक्ष वळविले. शाकीय वाढ रोखणाऱ्या पॅक्लोब्युट्राझॉल (व्यापारी नाव कल्टार) या रसायनाच्या साहाय्याने हापूस दरवर्षी व लवकर फळतो, हे बुरोंडकर व गुंजाटे यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आले. झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०·७५ ग्रॅ. क्रियाशील द्रव्य पावसाळ्यात जमिनीतून देण्याची शिफारस रूढ झाली. साका कमी व्हावा म्हणून फळे झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे (सु. ८५ टक्के) तयार झाल्यावर उतरविण्यास सांगण्यात आले. देठासह फळ काढता यावे यासाठी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ हे साधे अवजार विकसित केले. देठ राहिल्याने चीक फळावर ओघळत नाही व डाग पडत नाहीत. या उपायांना खर्च आहे. दरवर्षी पीक घेतलेल्या झाडाला खतेही त्या मानाने द्यावी लागतात आणि मात्रेचे भान सुटल्यास झाड खंगते. जे काम रत्नात निसर्गतः होते, त्याची किंमत हापूसमध्ये बागायतदार दरवर्षी मोजतो.

नव्या वाणांचे स्थान : संकरित वाण यामुळे निष्फळ ठरले असे मात्र नाही. हापूसमध्ये स्वपरागणाने फळधारणा फार कमी होते. म्हणून बागेत रत्ना, सिंधू, केसर, गोवामानकूर यांसारख्या वाणांची काही झाडे मिसळून लावण्याची शिफारस केली जाते. हापूसची जागा घेण्यासाठी निर्माण केलेला वाण अशा प्रकारे हापूसचा साहाय्यक बनला. पुढील संकरणात उद्दिष्टेही अधिक नेमकी झाली. कोकण रुची हा वाण लोणच्यासाठी काढण्यात आला. तेथे हापूसच्या स्वादाशी स्पर्धाच नव्हती. सिंधूचे शास्त्रीय मोलही उत्तरोत्तर वाढले. बंगलोर येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेतील रवींद्र व शिवशंकर यांनी २००४ साली साक्याचा संबंध फळातच कोयीतील बीजाच्या अंकुरणाशी निगडित प्रक्रियांशी जोडला. कोय खुंटलेल्या वाणाकडे त्यामुळे नव्या दृष्टीने पाहता येते.

कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली व नावाचे मूल्य कायद्यानेही मान्य झाले. आंबा संशोधनाच्या या वाटचालीवरून असे दिसते, की दोषांची यादी म्हणजे उद्दिष्टांची यादी नव्हे. कोणता दोष कोणाला जाचतो आणि तो दूर करताना ग्राहकाने मानलेला मूळ गुण शाबूत राहतो की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच नव्या वाणाचा आराखडा पूर्ण होतो.