मायन्याखालचा मजकूर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो गरीब मुलगा विद्यार्जनासाठी गाव सोडून पुण्यास येई, त्याचा घराशी संबंध राही तो पत्रांच्याच आधाराने. आणि १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाल्यावर तर त्याला खुशाली कळविणे अधिकच सुलभ झाले. या पत्रांचा साचा ठरलेला असे. वर ‘श्री’, त्याखाली ‘तीर्थरूप मातोश्रींचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार’, मग इकडील क्षेम, परीक्षेचा दिवस, फीचा तगादा आणि शेवटी ‘कळावे, हे विनंती’. आईला बहुधा अक्षरओळख नसे, पत्र शेजारचा कोणी वाचून दाखवी. त्यामुळे मनातले लिहिताना मुलाचा हात आखडे.

याच रूढ मायन्याखाली कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए.चा अभ्यास करीत असता, आईला लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी तोच अंगात घालणारा, वृत्तपत्रांत लेख लिहून शिक्षणाचा खर्च भागविणारा हा विद्यार्थी मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा सोडून देण्यास आईला सांगतो, आणि पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून उरलेला सारा काळ परहितात घालविण्याचा आपला निश्चय तिला कळवितो. त्यातील त्यागाची थोरवी सर्वांनी गाइली आहे. मला मात्र त्या पत्राची मांडणी अधिक हृद्य वाटते. मुलाच्या मोठमोठ्या परीक्षा होत आहेत, आता आपले पांग फिटतील, असे आईच्या मनात येत असेल, हे तो आधी स्वतःच बोलून दाखवितो, आणि मगच तिच्या आशेला उत्तर देतो. समोरच्याचे म्हणणे प्रथम पुरते मांडावे आणि मग आपले सांगावे, ही पुढे ‘केसरी’त व १८८८ पासून ‘सुधारका’त महाराष्ट्राला हलविणारी निबंधरीती त्या घरगुती पत्रातच सिद्ध झालेली दिसते, फरक इतकाच की, येथे समोर सनातनी समाज नसून आई आहे, म्हणून युक्तिवादाला माया आहे.

आगरकरांनी आईला दिलेला शब्द पाळला. ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले, तरी संसार ओढगस्तीचाच राहिला. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते वारले, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.